सातव्या दाराची किल्ली

व्हिला तोर्वा
उपवासकाळाचा पहिला गुरुवार

तीर्थस्वरूप झुल्मिराताईस,

धाकट्या फिर्मिनोचा वाकून नमस्कार. तू, इदालिना, जावईबापू आणि नवं बाळ असे सगळे फ्रान्सात सुखरूप असाल, बाळाला रात्री झोप लागत असेल आणि त्यामुळे तुम्हालाही लागत असेल, असं धरून चालतो. इकडे मीही देवाच्या दयेने बरा आहे. (गुडघा दुखतो. पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखतच होता, म्हणून त्याचं खापर तुझ्या जाण्यावर फोडत नाही.) तुझ्या कोंबड्या अंडी देतात, लिंबाला फुलं आली आहेत, आणि तू जाताना टांगून ठेवलेला चोरीसो सॉसेज जानेवारीतच संपला, कारण तो ईस्टरपर्यंत पुरवायचा होता हे तू मला बस सुटल्यावर खिडकीतून ओरडून सांगितलंस आणि मला फक्त 'चोरीसो' एवढाच शब्द ऐकू आला. मला वाटलं, खा म्हणतेस.

आता मूळ मुद्दा. हे मी फोनवर का सांगत नाही असं तू विचारशील. फोन कॅफेत आहे, ताई. तिथून बोलायचं म्हणजे चौकात उभं राहून दवंडी पिटायची. गेल्या महिन्यात मी तुला बाळाचं वजन विचारलं, आणि घरी पोचेपर्यंत तीन जणांनी मला ते सांगितलं. आणि जे सांगायचं आहे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. थोडक्यात असं की सातवं दार उघडत नाही. चॅपलचं. तू दिलेल्या जुडग्यातली एकही किल्ली त्याला लागत नाही. चौथ्या रविवारी मिरवणूक आहे, आदल्या शनिवारी मंडळाचे आठ धट्टेकट्टे पुरुष क्रूस वाहणाऱ्या प्रभूची मूर्ती बाहेर काढायला येणार, त्यांच्यामागे फादर आन्सेल्मो आणि फादरांच्या मागे सगळं गाव. त्या सगळ्यांदेखत मी दारापाशी चाचपडत बसलो, तर त्याच संध्याकाळी गावाच्या किल्ल्या आपल्या घरातून उठून समोरच्या घरी जातील. पेर्पेतुआबाईंकडे. तू परत येशील तेव्हा लोक आपल्या दारावर टकटक करणार नाहीत, समोरच्या दारावर करतील, आणि तुला ते खिडकीतून बघावं लागेल. हे मला सहन होणार नाही. तुला तर नाहीच होणार.

पाहुण्यांना दाखवायच्या जागांच्या या किल्ल्या आपल्याकडे का आहेत हे मला लहानपणापासून नीटसं कळलेलं नाही, आणि आता ज्याला त्याला विचारतो तर जो तो वेगळंच सांगतो. बाबा म्हणायचे, चॅपलच्या सर्वांत जवळ ज्याचं दार त्याच्याकडे किल्ल्या, असा रिवाज. आपलं दार एकवीस पावलांवर आहे आणि समोरचं बावीस. पण ती पावलं मोजली आपल्या आजोबांनी, आणि आजोबांच्या टांगा किती लांब होत्या हे त्यांच्या फोटोवरूनसुद्धा दिसतं. पेर्पेतुआबाईंचे आजोबा बुटके. ते म्हणाले, मी मोजतो. त्यांनी दोन्हीकडची मोजली तर त्यांचं दार एकतीस आणि आपलंही एकतीस भरलं. मग तिढा सुटेना, म्हणून त्या वेळच्या फादरांनी किल्ल्या तात्पुरत्या आपल्याकडे दिल्या. त्या तात्पुरत्याला आता सत्तर वर्षं होतील. (मी स्वतः परवा मोजून पाहिलं. पहिल्यांदा चोवीस, दुसऱ्यांदा सव्वीस. गुडघ्यामुळे असेल. पुढे मोजायचं सोडून दिलं.)

तू जाताना जुडगं माझ्या हातात ठेवलंस आणि कुठली किल्ली कशाची असं मी विचारल्यावर म्हणालीस, "हातात आली की कळतं रे." ताई, मला काहीही कळत नाही. मी चौतीस वर्षं या गावात टपाल वाटलं. इथलं प्रत्येक दार मला ठाऊक आहे, पण बाहेरून. फट कुठे आहे, कुत्रं कुठे बांधलेलं असतं, कोणाच्या पायरीचा दगड हलतो, हे झोपेतही सांगेन. दाराच्या आत काय असतं ते बघायचं माझं काम कधीच नव्हतं. हिवाळाभर कोणी पाहुणा फिरकला नाही म्हणून निभावलं. पण गेल्या शनिवारी पोर्तोहून बस आली.

चाळीस माणसं होती, सगळी निवृत्त, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या, आणि त्यांचा पुढारी एक म्हातारा शाळामास्तर, हातात वही घेऊन. कॅफेत विचारलं तर नेहमीप्रमाणे उत्तर मिळालं: किल्ल्या झुल्मिराकडे. झुल्मिरा नाही म्हटल्यावर मी पुढे झालो. घाबरलो नव्हतो, कारण तुझी वही होती. तू प्रत्येक जागेपाशी काय बोलायचं ते लिहून ठेवलं आहेस, पहिलं, दुसरं, तिसरं असे आकडे घालून. जागांची नावं मात्र लिहिलेली नाहीत. (तुला ती लिहायची गरज काय, तू तिथे उभीच असतेस.) मी खालच्या वेशीपासून सुरुवात केली. टपालाची फेरी चौतीस वर्षं तिथूनच सुरू व्हायची, पाय आपोआप तिकडेच वळले. तू वरच्या वेशीपासून सुरुवात करतेस हे मला ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलंच नाही.

तर पुलावर पोचलो आणि वहीतलं पहिलं पान वाचलं. इथे गव्हर्नरच्या बायकोने सगळ्या गावाचे कपडे धुऊन वाळत घातले, वेढा घालून बसलेल्या स्पॅनिश सैन्याला ती निशाणं वाटली, आणि एवढी पलटण आत आहे म्हटल्यावर ते पळून गेले. लोकांनी पुलाकडे पाहिलं. नदी होतीच, कपडे धुण्याचं पटण्यासारखं होतं. दुसरं पान कारंज्यापाशी वाचलं. खाली वाका, टोप्या धरून ठेवा, खोलवरून मूर राजकन्येचा उसासा ऐकू येईल. चाळीस जण गुरांच्या हौदावर वाकले. आमच्या म्हाताऱ्या ब्रासच्या गाढवाने त्याच वेळी पलीकडून पाण्यात तोंड घातलं आणि नाक फुरफुरवलं. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, किती दुःख आहे हो त्या आवाजात.

इथवर ठीक होतं. तिसरं पान मठाच्या दारात आलं: इथे चोरांना बांधून फटके मारत, ही लोखंडी कडी प्रत्येकाने हात लावून पाहावी. मठाच्या दारावर कडी आहेच, पण ती घंटेची आहे. चाळीस वेळा घंटा वाजली. आतल्या तिन्ही म्हाताऱ्या सिस्टर्स धावत दारापाशी आल्या, त्यांना वाटलं बिशप आले, आणि सर्वांत थोरल्या सिस्टर दार उघडतात तोच त्यांच्या कानावर पडलं की इथल्या चोरांना एकूण किती फटके मारत. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि चौथं पान, ताई, चौथं पान मी चौकातल्या शिक्षेच्या खांबापाशी वाचलं. इथे बसून पुण्यवान सिस्टर्स अंड्यांचा पांढरा बलक डोक्यावरची वस्त्रं कडक करायला काढून ठेवत, आणि उरलेल्या पिवळ्या बलकाची मिठाई करत. खांब अकरा फूट उंच, वर चार लोखंडी आकडे. एक गृहस्थ बराच वेळ वर बघत राहिले आणि मग त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं की सिस्टर्स नेमक्या बसत कुठे. मी म्हणालो, फार साध्या राहणीच्या होत्या हो त्या.

तू म्हणशील, फिर्मिनो, तुला दिसत नव्हतं का की मठ मठ आहे आणि खांब खांब? दिसत होतं गं. पण पाकिटावर जो पत्ता असेल तिथे पत्र टाकायचं, आत काय लिहिलंय ते विचारायचं नाही, अशी माझी जन्माची सवय. तुझ्या अक्षरावर माझा विश्वास आहे. मला वाटलं, मला न कळणारं काहीतरी यात असणार. पाचव्याला टाक्याचं हिरवं पाणी 'मूतखड्यावर गुणकारी' म्हणून चौघांनी ओंजळीने प्यायलं (ते चौघे पोर्तोला धडधाकट पोचले, मास्तरांचं कार्ड आलं आहे), आणि सहाव्याला मी किल्ल्याच्या बुरुजावर, डोंगराच्या टोकावर उभा राहून सांगितलं की हिवाळ्यात याच्या खालून नावा जातात. तेव्हा कुठे मला शंका आली. पण तोवर मास्तरांनी सगळं लिहून घेतलं होतं, आणि जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले की इतक्या गावांत फिरलो, पण असा चकित करणारा इतिहास कुठे ऐकला नाही. मी हसावं की रडावं, कळेना.

राहिलं सातवं. चॅपल. तिथे तुझ्या वहीत फक्त तीन वाक्यं: 'दिवा. कधी विझत नाही. का ते विचारू नये.' मी एकेक किल्ली लावून पाहिली. बाकीच्या आत जातच नाहीत. सर्वांत मोठी आत जाते आणि फिरते. फिरते म्हणजे फिरतच राहते, उजवीकडे, डावीकडे, कितीही, आणि कशालाच अडकत नाही. ही किल्ली या दाराची नाही हे उघड आहे. शेवटी मी चाळीस जणांना रांगेत उभं करून किल्लीच्या भोकातून एकेकाला दिवा दाखवला. सगळ्यांत शेवटी मीही डोळा लावला, आणि ताई, माझ्या अंगावर काटा आला. तुला जाऊन सात आठवडे झाले. दारातून कोणी आत गेलेलं नाही. आणि मूर्तीपुढचा दिवा शांतपणे जळत होता.

तेव्हापासून मी रोज दुपारी, गाव जेवून आडवं झालं की, तिथे जातो. ऑलिव्हचं तेल घातलं. चरबी लावली. संत आंतोनियोला मेणबत्तीचा नवस बोललो. खांदा लावून ढकललं, तर खांदा सुजला आणि दार तसंच. आणि एवढं सगळं करताना समोर खिडकीत पेर्पेतुआबाई क्रोशाचं विणकाम घेऊन बसलेल्या असतात. त्या दुपारी झोपत नाहीत, हे मला नव्यानेच कळलं. पहिल्या दिवशी नुसत्या विणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो पोस्टमन, पत्र टाकायचं असेल तर फट खाली आहे!" तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दाराने काही उत्तर दिलं का?" मी म्हणालो, बिजागऱ्या तपासतोय. "तपासा, तपासा," म्हणाल्या, "तुमच्या घराण्याला मोजमापाची सवयच आहे." आजोबांवर टोमणा होता. मला झोंबला, पण परत टोला काय द्यावा ते संध्याकाळी जेवताना सुचलं. सूप निवून गेलं होतं.

काल राखेच्या बुधवारी फादरांनी माझ्या कपाळावर राख लावता लावता हळूच विचारलं, "किल्ल्या सगळ्या ठीक आहेत ना, फिर्मिनो?" 'मातीतून आलास' आणि 'मातीत जाशील' यांच्या मध्येच विचारलं. मी हो म्हणालो. फादरांपुढे, देवळात, कपाळावर राख असताना खोटं बोललो. ते पुढे म्हणाले, अडचण असेल तर मोकळेपणी सांग, पेर्पेतुआबाईंचं घर कधीपासून तयार आहे. मंडळालाही आता वाटतं की सत्तर वर्षं म्हणजे तात्पुरतं जरा जास्तच झालं.

तेव्हा ताई, हात जोडून विनंती. उलट टपाली कळव की सातव्या दाराची किल्ली कुठली आहे. जुडग्यात नसेल तर कुठे ठेवली आहेस. पिठाच्या डब्यात, गादीखाली, मारियामावशीच्या फोटोमागे मी पाहिलं आहे. (फोटोमागे तुझे साठवलेले पैसे सापडले. मोजले नाहीत, परत ठेवले.) मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. बाळाला मामाआजोबांकडून दोन्ही गालांवर पापा, इदालिनाला आशीर्वाद, जावईबापूंना ते तांबड्या दारूचं पिंप अजून मी उघडलेलं नाही असं सांग. (उघडलं आहे.)

तुझा गोंधळलेला भाऊ,
फिर्मिनो

ता.क. (शनिवार) पत्र टाकलेलं नाही. काल तिकीट लावून पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो, कारण मध्येच एक गोष्ट घडली आणि आता वर लिहिलेलं सगळं खोडावं की ठेवावं, हेच कळत नाही. दुपारी मी पुन्हा दारापाशी होतो, मोठी किल्ली फिरवत. मागून पावलं आली. पेर्पेतुआबाई. शालीखाली काहीतरी लपवलेलं. मी खिडकीत पाहिलं तर खिडकी रिकामी, म्हणजे खरंच त्याच होत्या. म्हणाल्या, "बाजूला व्हा." मी झालो. त्यांनी कडी दोन्ही हातांनी धरून दार जरासं वर उचललं, खाली गुडघा टेकवला, आणि ढकललं. दार उघडलं. किल्ली माझ्या हातात होती.

कुलूप, ताई, वादळाच्या वर्षी मोडलं. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली. आत नुसतं भोक आहे, जीभच नाही. दार आपल्या वजनाने बसलं आहे, एवढंच. बाबांना ते ठाऊक होतं, आणि मंडळाला कळलं तर किल्ल्यांना किंमत राहणार नाही म्हणून त्यांनी किल्ली फिरवत राहायचं ठरवलं असावं. तू किल्ली फिरवताना कंबरेने दाराला हळूच जो झटका देतेस, तो मी इतकी वर्षं तुझी चालण्याची ढब समजत होतो. आणि आपल्या गावात असं एकही माणूस निघालं नाही, ज्याने ते दार कधी किल्लीविना जरासं उचलून ढकलून पाहिलं असेल. किल्ली झुल्मिराकडे, संपलं. एकच माणूस निघालं. पेर्पेतुआबाईंनी शालीखालून तेलाची बाटली काढली, दिव्यात तेल घातलं, वात पुढे सरकवली, मूर्तीच्या पायाला हात लावला आणि हाताचं तेल ॲप्रनला पुसलं. नवरा गेला त्या वर्षापासून रोज येतात. एकोणीस वर्षं.

मी विचारलं, "मग तुम्ही गावाला का सांगितलं नाही? एका शब्दावर किल्ल्या तुमच्याकडे आल्या असत्या."

"उघड्या दाराच्या किल्ल्या घेऊन मी काय करू?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमची ताई ती किल्ली काय ऐटीत फिरवते हो! मिरवणुकीत मी निम्मी तेवढ्यासाठीच येते."

आता मला सांग, तुला हे ठाऊक होतं का? म्हणजे कुलूप ठाऊक होतं हे दिसतंच आहे. पण दिव्याचं? की तू खरंच मानत होतीस की तो आपोआप जळतो? 'का ते विचारू नये' हे तू पाहुण्यांसाठी लिहिलंस की स्वतःसाठी? मी तर त्या बाईंना आयुष्यभर आपला शत्रू समजत आलो, आणि आता कोणाला काय समजावं ते कळत नाही. फार ओशाळल्यासारखं झालं आहे.

ता.क. २ (बुधवार) अजूनही टाकलेलं नाही. नवाच घोळ. जुडग्यात एक किल्ली जास्त झाली आहे. रविवारी देवळातल्या मिसानंतर लक्षात आलं: लहान, पितळेची, घासून चकचकीत केलेली, इतरांसारखी गंजलेली नाही. जुडगं शुक्रवारी दुपारभर चॅपलच्या बाकावर पडून होतं, नंतर पेर्पेतुआबाईंनीच ते आणून दिलं. मला वाटलं, आणखी कुठलंतरी ठिकाण आहे जे मला ठाऊक नाही, आठवं, ज्याचं पानच तुझ्या वहीत नाही. सोमवारी किल्ल्यावर जाऊन लावून पाहिली, सगळ्या पायऱ्या चढून. नाही. मंगळवारी टाक्याचं फाटक. नाही. मठाच्या मागच्या दाराला लावत होतो तेव्हा थोरल्या सिस्टरनी आतून विचारलं की आज कोणाला फटके आहेत. तिथून निघालो. गावाबाहेर कॉर्कच्या झाडांत ते जुनं दगडी थडगं आहे ना, त्याला दारच नाही, तरी तिथेही जाऊन आलो.

आज दुपारी दमून आपल्या पायरीवर बसलो होतो. समोरून आवाज आला, "लावून झाली?"

"झाली."

"सगळीकडे?"

"सगळीकडे," म्हणालो.

"सगळीकडे?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि विणकामातून डोकं वर काढलं नाही.

मला जरा वेळ लागला, ताई, खोटं कशाला बोलू. मग मी उठलो, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या दाराला किल्ली लावली. एकदाच फिरवली. उघडलं. आत टेबलावर दोन वाडग्यांत लसूण-कोथिंबिरीचं पावाचं सूप होतं, वर अंडं सोडलेलं, एकाच्या कडेला चमचा आणि एकाच्या कडेला माझ्यासारख्या जाड बोटांच्या माणसाला बरा पडेल असा मोठा चमचा. "तीन दिवस!" म्हणाल्या. "आधी किल्ल्यावर जाऊन आलात!" मी टोपी काढून उभा राहिलो. मग बसलो आणि सूप प्यायलो. दुसऱ्या वाडग्यानंतर त्या म्हणाल्या, "तुम्ही चौतीस वर्षं माझ्या दारावरून गेलात आणि मी रोज विचारलं, पोस्टमन, माझं काही आहे का? मला लिहिणारं कोण होतं, सांगा बघू? मूल नाही, बाळ नाही, भाऊ अंगोलात वारला. तरी विचारत होते." आणि ताई, मी चौतीस वर्षं, उन्हात, पावसात, खिशाला हात लावून, अगदी नियमाप्रमाणे सांगत आलो: नाही, आज काही नाही.

त्या नवरा असतानाही विचारत होत्या का, की तो गेल्यापासून, हे मला आठवेना. बहुतेक आधी गंमत होती आणि नंतर नव्हती. मला फरक कळायला हवा होता. मी कसला पोस्टमन.

ता.क. ३ (गुरुवार) खरी विनंती राहूनच गेली. वर मागितलेली किल्ली पाठवू नकोस, ती नाहीच. तू स्वतः ये. इदालिनाला दुसरं कोणी मदतीला मिळेल, पण चौथ्या रविवारच्या आदल्या शनिवारी मंडळासमोर ती किल्ली फिरवायला मला दुसरं कोणी मिळणार नाही. मी काल आरशासमोर सराव करून पाहिला. मला हसू येतं. आत काहीच नाही हे ठाऊक असताना चेहरा गंभीर ठेवून दोनदा फिरवायची, थांबायचं, कपाळ पुसायचं आणि मग कंबरेने झटका द्यायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. झटका दिला तर गुडघाच जाईल. तू ये, ऐटीत फिरव. पेर्पेतुआबाई बघायला असतीलच. त्यांना आता तू काय म्हणून हाक मारशील ते मात्र आधी ठरवून ये, कारण मला त्यांना काय म्हणावं हे अजून ठरवता आलेलं नाही. किल्ल्या आपल्याच घरी राहतील. किंवा समोर राहतील आणि मी त्यांच्याबरोबर. नक्की कसं ते मलाच कळत नाही, म्हणून आत्ताच चिडू नकोस.

ता.क. ४ (शुक्रवार सकाळ) घाईत लिहितो. काल संध्याकाळी मी एक पत्र लिहिलं. चौतीस वर्षांत लोकांची लाखभर पत्रं पोचवली, स्वतः मात्र तुला सोडून कोणाला लिहिलं नव्हतं. चार कागद फुकट घालवले. शेवटी पाकिटावर 'दोना पेर्पेतुआ, चॅपलसमोर' असा पत्ता घातला आणि आत एवढंच लिहिलं: 'आज आहे.' रस्ता ओलांडून देता आलं असतं, पण ते बरोबर झालं नसतं. तिकीट लावून पेटीत टाकलं. आत्ता नवा पोस्टमन आला. पेर्पेतुआ खिडकीत होती. त्याने पत्र दिलं. तिने चष्मा आणायला आत जायचं सोडून पाकीट तसंच डोळ्यांजवळ धरलं, उघडलं, वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं. एका ओळीला एवढा वेळ लागत नाही, ताई. मी आपल्या दारामागे उभा होतो, लपून, बासष्टाव्या वर्षी. मग तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अहो पोस्टमन, उत्तर टपालाने पाठवू, की स्वतः घ्यायला येताय?"

नवा पोस्टमन म्हणाला, मलाच विचारताय का?

हे पत्र त्याच्याच हातात देतो आणि जातो.